शॉर्ट सर्किट सोसणारें रोहित्र

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागांतील नांदगांव हें तालुक्याचें गांव मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, मनमाड आणि चाळीसगांव यांच्या दरम्यान वसलेलें आहे. या तालुक्यांत पावसाचा भरंवसा थोडा. विहिरीला जें कांहीं पाणी असेल तें वेळेवर पिकाला पोंचविणें, हीच तेथल्या शेतकऱ्याची मोठी चिंता. उन्हाळी कांद्याची लागवड साधारणतः डिसेंबर-जानेवारींत होते, आणि कांदा पोसण्याचे दिवस पुढें फेब्रुवारी-मार्चमध्यें येतात. नेमक्या त्याच दिवसांत विहिरींचें पाणी खोल जातें. अशा वेळीं विजेचा पंप आठ दिवस बंद राहिला तर कांद्याची वाढ खुंटते, आणि मागाहून कितीहि पाणी दिलें तरी तें नुकसान पुरतें भरून येत नाहीं.

अशा एखाद्या शिवारांत दुपारचा वारा सुटतो. दोन खांबांमधल्या सैल पडलेल्या तारा झोके घेतां घेतां एकमेकींना लागतात. ठिणगी उडते, खांबांवरच्या लोखंडी टांकींतून एक खोल हुंकार ऐकूं येतो, आणि आसपासचे दहा-पंधरा पंप एकदम थांबतात. गांवांत बातमी पोंचते ती एवढीच, कीं “डी. पी. जळाली.” लोकांच्या तोंडीं जी डी. पी. आहे, तिच्यावरचें मुख्य यंत्र म्हणजे ट्रान्स्फॉर्मर, अर्थात् रोहित्र.

परंतु तारा एकमेकींना लागल्या म्हणजे प्रत्येक वेळीं रोहित्र जळतेंच असें नाहीं. एक रोहित्र असे अनेक तडाखे खाऊन वर्षानुवर्षें उभें राहतें, तर दुसरें पहिल्याच तडाख्यांत निकामी होतें. वरून पाहिलें तर दोघांची टांकी सारखी, दोघांवरचे आंकडे सारखे. मग फरक कोठें असतो? तो टांकीच्या आंत, वेटोळ्यांच्या बांधणींत असतो. आणि कांहीं अंशीं तो टांकीच्या बाहेर, खालच्या पेटींतल्या एका लहानशा तारेंतहि असतो.

रोहित्राचें काम समजण्यास अवघड नाहीं. मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं असें दाखविलें, कीं एका वेटोळ्यांतला प्रवाह बदलत राहिला तर त्याच्याशीं न जोडलेल्या, पण त्याच लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेल्या दुसऱ्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. १८८५ सालीं बुडापेस्ट येथील झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघा अभियंत्यांनीं या तत्त्वाला आजच्या रोहित्राचें रूप दिलें. नांदगांवच्या शिवारांतहि तेंच तत्त्व काम करतें. दुरून येणारी वीज ११,००० व्होल्ट दाबाची असते; ती पंपाला चालत नाहीं. रोहित्र तिचा दाब ४३३ व्होल्टांपर्यंत उतरवितें. लोखंडी पत्र्यांच्या गाभ्याला लागून लघुदाबाचें वेटोळें असतें. त्याच्याभोंवतीं, मध्यें तेलाची वाट ठेवून, उच्चदाबाचें वेटोळें असतें. हें सारें तेलांत बुडविलेलें असतें. १०० के. व्ही. ए. शक्तीचें रोहित्र पूर्ण भारावर चालूं लागलें म्हणजे त्याच्या लघुदाबाच्या बाजूनें सुमारें १३३ अँपिअर आणि उच्चदाबाच्या बाजूनें सुमारें सव्वापांच अँपिअर प्रवाह वाहतो.

नेहमींच्या वेळीं हा प्रवाह पंपांच्या मोटरींतून फिरून परत येतो, आणि किती प्रवाह वाहावा हें त्या मोटरी ठरवितात. तारा एकमेकींना टेकल्या कीं विजेला मोटरींपर्यंत जाण्याचें कारण उरत नाहीं. तिला आखूड वाट सांपडते, म्हणून त्या प्रकाराला शॉर्ट सर्किट म्हणजे आखूड मंडल हें नांव. हा दोष रोहित्राच्या अगदीं तोंडाशीं घडला तर प्रवाहाला आवर घालणारें बाहेर कांहींच राहत नाहीं. आवर घालतो तो रोहित्राच्या अंगचा अवरोध, आणि तोहि मोठा नसतो. अशा रोहित्रांचा अवरोध बहुधा साडेचार टक्के ठेवतात. याचा अर्थ असा, कीं लघुदाबाचीं टोकें एकत्र जोडलीं असतां नेहमींच्या दाबाच्या अवघ्या साडेचार टक्के दाबानें पूर्ण भाराइतका प्रवाह वाहूं लागतो. मग दाब शंभर टक्के असतां प्रवाह बावीस पट होणार, हें उघड आहे. म्हणजे १३३ अँपिअरच्या जागीं सुमारें २,९६० अँपिअर.

येथें असा प्रश्न सहज उद्भवतो, कीं अवरोधच दुप्पट कां करूं नये? प्रवाह निम्म्यावर येईल आणि धोका टळेल. परंतु जो अवरोध संकटाच्या वेळीं प्रवाहाला अडवितो, तोच रोजच्या कामांत दाबहि खातो. एकाच वेळीं सारे पंप चालूं झाले म्हणजे दाब अधिक उतरेल, मोटरी उचलणार नाहींत, आणि उचलल्या तरी जास्त प्रवाह ओढून तापतील. म्हणजे रोहित्र वांचवावें तर मोटरी जळाव्यात, असा प्रसंग. साडेचार टक्के हा आंकडा या दोन्ही अडचणींमधली तडजोड आहे. ती पत्करल्यावर बावीसपट प्रवाह सोसण्याची तयारी रचनाकाराला ठेवावीच लागते.

या प्रवाहाचे घाव दोन प्रकारचे असतात. एक जोराचा आणि दुसरा उष्णतेचा. दोहोंचा स्वभाव अगदीं वेगळा आहे, आणि तो वेगळेपणा ध्यानांत आला म्हणजे पुढचें सारें शास्त्र सोपें होतें.

जोराचें मूळ १८२० सालच्या एका शोधांत आहे. आंद्रे आंपेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें असें दाखविलें, कीं शेजारच्या दोन तारांतून प्रवाह एकाच दिशेनें गेले तर त्या तारा एकमेकींना ओढतात आणि उलट दिशांनीं गेले तर ढकलतात. रोहित्राच्या दोन वेटोळ्यांतले प्रवाह नेहमीं परस्परविरुद्ध दिशांचे असतात. त्यामुळें आंतलें वेटोळें बाहेरच्याला बाहेर लोटतें, आणि बाहेरचें आंतल्याला गाभ्यावर दाबतें. रोजच्या प्रवाहांत हा जोर नगण्य असतो. परंतु जोर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. प्रवाह बावीस पट झाला तर जोर ४८४ पट होतो. शिवाय तारा नेमक्या प्रतिकूल क्षणीं टेकल्या तर प्रवाहाची पहिली लाट एका बाजूला झुकते, आणि तिचें शिखर रोजच्या शिखराच्या सुमारें २८ पट उंच जातें. त्या क्षणीं जोर रोजच्यापेक्षां ७०० ते ८०० पटींच्या घरांत असतो. हा पहिला तडाखा सेकंदाच्या सुमारें शंभराव्या भागांत बसून जातो. साधी फ्यूजची तार इतक्या अवधींत वितळून प्रवाह तोडूं शकत नाहीं. म्हणून जोरापासून रोहित्राचें रक्षण बाहेरचें कोणतेंहि साधन करीत नाहीं. तें रोहित्राच्या बांधणीनेंच करावें लागतें.

बाहेरच्या वेटोळ्याची स्थिति बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धांवेसारखी असते. आंतून बाहेर रेटा बसला म्हणजे धांव सर्व बाजूंनीं सारखी ताणली जाते. धातु ताण चांगला सोसतो. तेव्हां तारेची जाडी पुरेशी असली कीं बाहेरच्या वेटोळ्याची काळजी बरीचशी मिटते. आंतल्या वेटोळ्याची स्थिति मात्र बांधलेल्या विहिरीसारखी आहे. भोंवतालची माती विहिरीच्या भिंतीला आंत ढकलीत असते. भिंत नीट वर्तुळाकार असेल तर दगड दगडाला आधार देतो आणि विहीर टिकते. एके ठिकाणीं जरी भिंत चपटी राहिली तरी तेथूनच ती आंत येते. लघुदाबाचें वेटोळें असेंच आंत दुमडतें. म्हणून तें शक्य तितकें गोल गुंडाळतात, आणि त्याच्या व गाभ्याच्या मध्यें कडक पुठ्ठ्याची नळी व उभ्या पट्ट्या घट्ट बसवून त्याला पाठीमागून आधार देतात. आधारांची संख्या जितकी अधिक, तितकी दुमडण्यास मोकळी जागा कमी. ज्या रोहित्रांत गाभा चौकोनी असून वेटोळीं त्याच आकाराचीं असतात, तेथें सपाट बाजू बाहेर फुगण्याचें भय अधिक असतें, आणि तेथें आधाराची निराळी योजना करावी लागते.

तिसरा जोर वर-खालीं लागतो, आणि तोच सर्वांत फसवा. दोन्ही वेटोळीं सारख्या उंचीचीं असून त्यांचे मध्य एकाच पातळींत असले तर हा जोर प्रत्येक वेटोळ्याला दोन्ही टोकांकडून मध्याकडे दाबतो. बाजार समितींत धान्याच्या पोत्यांची थप्पी सरळ रचलेली असली म्हणजे वरच्या भारानें ती अधिकच बसते. तसाच हा प्रकार. परंतु एक वेटोळें दुसऱ्यापेक्षां थोडें वर किंवा खालीं बसलें तर नवा जोर उत्पन्न होतो, आणि तो वरच्याला आणखी वर व खालच्याला आणखी खालीं ढकलतो. म्हणजे चूक स्वतःलाच वाढवीत जाते. थप्पी एकदां कलली कीं प्रत्येक हादऱ्यानें अधिक कलते, तसें. उंचींतला कांहीं मिलिमीटरांचा फरक डोळ्यांना दिसतहि नाहीं, पण आखूड मंडलाच्या क्षणीं तो सांपडल्यावांचून राहत नाहीं. ज्या रोहित्रांत दाब कमी-अधिक करण्यासाठीं उच्चदाबाच्या वेटोळ्यांतून टॅप काढलेले असतात, तेथें कांहीं वेढे वगळले जातांच हा समतोल बिघडूं शकतो. म्हणून ते वेढे वेटोळ्याच्या मध्यभागीं ठेवतात, अथवा त्यांच्या समोरच्या भागांत दुसऱ्या वेटोळ्याचे वेढे विरळ करतात. कांहीं कारखाने लघुदाबाचें वेटोळें तारेऐवजीं अॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या रुंद पातळ पत्र्याचें करतात. पत्र्याच्या पूर्ण उंचींत प्रवाह आपोआप उच्चदाबाच्या वेटोळ्याला अनुसरून वांटला जातो, आणि वर-खालचा जोर पुष्कळच घटतो.

रचना उत्तम असूनहि बांधणी सैल राहिली तर सारें व्यर्थ. तारेवरचा कागद आणि मधले पुठ्ठे हवेंतला ओलावा शोषून घेतात. तसेंच वेटोळें टांकींत बसविलें तर पुढें ओलावा निघून जातांच पुठ्ठा आकसतो आणि वेटोळें आपल्या जागीं डुलूं लागतें. यासाठीं वेटोळीं आधीं भट्टींत वाळवितात, दाबाखालीं नेमक्या उंचीला आणतात, आणि मग वर-खालीं लोखंडी चौकटी लावून दांड्यांनीं आवळतात. कांहीं ठिकाणीं राळेचे ठिपके असलेला कागद वापरतात. तापविल्यावर राळ वितळून थर एकमेकांना चिकटतात आणि वेटोळें एकजीव होतें. वेटोळ्यांतून बाहेर येणाऱ्या तारासुद्धां जागोजाग बांधाव्या लागतात, कारण सुटी तार पहिल्याच झटक्याला हलून टांकीला लागूं शकते.

आतां उष्णतेचा विचार. जोर क्षणांत येतो. उष्णता सांचत जाते. प्रवाह बावीस पट असतां तारेंत उत्पन्न होणारी उष्णताहि वर्गाच्याच हिशेबानें पांचशे पटींच्या आसपास पोंचते. एवढ्या थोड्या वेळांत ती तेलापर्यंत जाऊं शकत नाहीं, तारेंतच कोंडते. भारतीय मानक २०२६ याच्या पांचव्या भागानें या बाबतींत मर्यादा घालून दिली आहे. तेलांतल्या रोहित्रानें हा प्रवाह दोन सेकंद सोसावा, आणि तेवढ्या अवधींत तांब्याचें तापमान २५० अंशांपलीकडे व अॅल्युमिनियमचें २०० अंशांपलीकडे जाऊं नये. एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तांब्याच्या तारेंत पूर्ण भारावर दर चौरस मिलिमीटरला अडीच अँपिअर प्रवाह धरला, आणि ऐन उन्हाळ्यांत ती तार आधींच १०५ अंशांवर आहे असें मानलें, तर दोन सेकंदांच्या आखूड मंडलानें ती सुमारें १४७ अंशांवर जाते. म्हणजे मर्यादेच्या पुष्कळच आंत. पण तोच प्रवाह दहा सेकंद चालूं राहिला तर तापमान ३८० अंशांवर जातें. त्यापूर्वींच तारेवरचा कागद करपलेला असतो आणि वेढे एकमेकांना उघडे पडलेले असतात.

यावरून असें दिसेल, कीं जोराविरुद्ध रोहित्र स्वतः लढतें, परंतु उष्णतेविरुद्ध तें केवळ दोन सेकंदांची हमी देतें. त्यापुढची जबाबदारी फ्यूजची.

रचनाकाराची हमी खरी कीं खोटी हें पाहण्याची रीतहि कडक आहे. केंद्रीय विद्युत् संशोधन संस्था १९६० सालीं स्थापन झाली. तिच्या बंगळूर आणि भोपाळ येथील प्रयोगशाळांत रोहित्रांना जाणूनबुजून आखूड मंडलाचे तडाखे देतात. वितरणाच्या रोहित्राला प्रत्येक फेजवर तीन याप्रमाणें एकूण नऊ तडाखे बसतात, आणि प्रत्येक तडाखा अर्धा सेकंद चालतो. नंतर रोहित्राचा अवरोध पुन्हां मोजतात. गोल वेटोळ्यांच्या रोहित्रांत तो दोन टक्क्यांहून अधिक बदललेला नसावा. कारण अवरोध वेटोळ्यांमधील अंतरावर अवलंबून असतो, आणि तो बदलला तर आंत कांहीं तरी सरकलें आहे हें सिद्ध होतें. वैद्य नाडीवरून पोटांतला बिघाड ओळखतो, तसा हा प्रकार. त्यानंतर दाबाच्या कसोट्या पुन्हां घेतात आणि टांकी उघडून वेटोळीं डोळ्यांनीं तपासतात. मात्र ही कसोटी नमुन्याची असते. खांबावर चढणारीं बाकीचीं रोहित्रें त्या नमुन्याबरहुकूम घडलीं असतील तरच त्या प्रमाणपत्राला अर्थ. कारखान्यांत एखाद्या वेटोळ्याची उंची थोडी चुकली, किंवा पुठ्ठा पुरता वाळला नाहीं, तर कागदावर तेंच राहणारें रोहित्र वस्तुतः दुसरेंच झालेलें असतें.

जळालेलें रोहित्र दुरुस्त होऊन परत येतें तेव्हां हीच गोष्ट अधिक लागूं पडते. नवी तार गुंडाळून वेढे मोजून दिले कीं रोहित्र चालूं होतें, दिवे लागतात, पंप फिरतात. परंतु दोन्ही वेटोळ्यांचे मध्य पुन्हां एका पातळींत आले कीं नाहींत, जुने आकसलेले पुठ्ठे बदलले कीं नाहींत, चौकटी पुन्हां आवळल्या कीं नाहींत, हें चालूं झालेल्या रोहित्राकडे पाहून कळत नाहीं. तें कळतें पुढच्या वाऱ्याला. आणि नवें, उत्तम रोहित्रहि कायम तसेंच राहत नाहीं. प्रत्येक तडाख्यानें बांधणी किंचित् सैल होते, प्रत्येक तापण्यानें कागद किंचित् ठिसूळ होतो. पांच वर्षांपूर्वीं सोसलेला धक्का आज सोसवेलच असें नाहीं.

राहतां राहिला फ्यूज. लघुदाबाच्या बाजूला चिनी मातीच्या बैठकींत बसविलेली ठरावीक जाडीची तार हें त्याचें साधें रूप. नांदगांवसारख्या भागांत दोष बहुधा रोहित्राच्या तोंडाशीं न घडतां अर्धा-पाऊण किलोमीटर दूर, शेताच्या बांधावर घडतो. मधल्या लांब पातळ तारेचा रोध आड येत असल्यामुळें तेव्हां प्रवाह बावीस पट न होतां दोन-चार पटच होतो. ऐकणाराला वाटेल, कीं मग धोका टळला. पण वस्तुस्थिति उलट आहे. योग्य तार असेल तर ती एवढ्यानेंहि वितळते. परंतु ती वारंवार जाते म्हणून तिच्या जागीं कोणी जाड तार, किंवा तारांचा पीळच अडकविला, तर तो वितळत नाहीं. तारा बांधावर एकमेकींना चिकटून राहतात, पूर्ण भाराच्या तिपटीनें प्रवाह मिनिटांमागून मिनिटें वाहत राहतो, आणि रोहित्र आंतल्या आंत भाजत जातें. अशा वेळीं स्फोट होत नाहीं, मोठा आवाज होत नाहीं. कागद करपतो आणि तेल काळवंडतें, एवढेंच. त्यानंतरचा पहिला खरा तडाखा शेवटचा ठरतो, आणि दोष मात्र त्या दिवशींच्या वाऱ्याला लागतो.

ज्यानें जाड तार घातली त्याला दोष देणें सोपें आहे. त्याच्या बाजूनेंहि पाहिलें पाहिजे. कांदा सुकत असतो, वीज ठरावीक तासच असते, आणि फ्यूज दर दोन तासांनीं जात असतो. पण फ्यूज वारंवार जातो याचा अर्थ फ्यूज बारीक आहे असा बहुधा नसतो. एक तर तारा सैल आहेत, किंवा झाडाची फांदी टेकते आहे, किंवा रोहित्रावर त्याच्या शक्तीबाहेर पंप जोडलेले आहेत. तारा ताणून घेणें, त्यांच्यामध्यें अंतर राखणारे स्पेसर बसविणें, फांद्या छाटणें आणि भार वांटून घेणें हे त्याचे खरे उपाय. महाराष्ट्रांत २०१८ सालीं शेतीपंपांसाठीं उच्चदाब वितरणाची योजना सुरूं झाली, तिचें तत्त्वहि हेंच होतें. ११,००० व्होल्टांची वाहिनी थेट शेतापर्यंत न्यावयाची आणि एक-दोन पंपांपुरतें लहान रोहित्र तेथें बसवावयाचें. लघुदाबाच्या लांब, लोंबत्या ताराच उरल्या नाहींत म्हणजे त्या एकमेकींना लागण्याचा प्रसंगहि दुर्मिळ होतो. शिवाय त्या रोहित्रावर ज्याचा पंप, त्याचीच त्याच्यावर नजर राहते.

शॉर्ट सर्किट सोसणारें रोहित्र असें तिघांच्या हातून घडतें. रचनाकार त्याला पहिल्या शंभराव्या क्षणांतून पार नेतो, कारागीर रचनाकाराचा शब्द पुठ्ठ्यांत आणि तारेंत खरा करतो, आणि डी. पी.च्या पेटीसमोर उभा असलेला मनुष्य योग्य जाडीची तार निवडून त्या दोन सेकंदांच्या हमीची अट पाळतो. पहिल्या दोघांचें काम रोहित्र खांबावर चढण्यापूर्वींच संपलेलें असतें. तिसऱ्याचें काम मात्र प्रत्येक वेळीं फ्यूज गेला म्हणजे पुन्हां नव्यानें सुरूं होतें, आणि त्या वेळीं कांद्याचें सारें पीक त्याच्या बोटांतल्या बारीक तारेवर अवलंबून असतें.